पिनबॉलचा आवाज नेमका कुठून यावा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घरी बांधलेल्या व्हर्च्युअल पिनबॉल कॅबिनेटबद्दल आलेली बहुतेक पत्रं दोन ठिकाणी अडलेली आहेत. एकतर सॉफ्टवेअर उठतच नाही, किंवा उठलं तरी आवाज टीव्हीवर गेम लावल्यासारखा येतो. ज्यांनी अजून यात हात घातला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आडवा ठेवलेला टीव्ही म्हणजे प्लेफील्ड, मागच्या उभ्या बॅकबॉक्समधला दुसरा मॉनिटर म्हणजे बॅकग्लास, पोटात विंडोजचा पीसी, आणि त्यावर ‘व्हिज्युअल पिनबॉल एक्स’ म्हणजे व्हीपीएक्स हे मोफत सॉफ्टवेअर. त्यात उघडायचा प्रत्येक पिनबॉल गेम म्हणजे एक ‘टेबल’.

प्रश्न (पुणे): विंडोज ११ वर व्हीपीएक्स १०.८ टाकलं. सोबत आलेलं साधं टेबल चालतं. ‘मिडिव्हल मॅडनेस’ उघडलं की मात्र ‘ॲक्टिव्हएक्स कंपोनंट कान्ट क्रिएट ऑब्जेक्ट’ असा एरर येतो. रॉमची फाइल तर जागेवर आहे. काय चुकतंय?

उत्तर: रॉमपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. ‘मिडिव्हल मॅडनेस’ हे विल्यम्सचं १९९७ चं यंत्र. त्याचा मूळ प्रोग्रॅम, म्हणजेच रॉम, चालवण्याचं काम व्हीपीएक्स करत नाही, ‘व्हीपिनमेम’ करतं. टेबलची स्क्रिप्ट विंडोजला म्हणते, व्हीपिनमेमचा कंट्रोलर दे. विंडोजच्या नोंदीत तो सापडला नाही की हा एरर येतो. १०.८ ची ३२ बिट आणि ६४ बिट अशी दोन्ही रूपं मिळतात, आणि दहापैकी नऊ वेळा घोटाळा हाच असतो की चालवलं ६४ बिट आणि नोंदवलंय फक्त ३२ बिट.

व्हीपिनमेमच्या फोल्डरमध्ये ‘सेटअप’ आणि ‘सेटअप६४’ असे दोन प्रोग्रॅम असतात. दोन्हींवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ द्या आणि आतलं इन्स्टॉलचं बटण दाबा. त्याच खिडकीत ‘टेस्ट’चं बटण आहे. तिथे रॉम निवडून चालवून पाहा. तिथे चालली आणि व्हीपीएक्समध्ये चालली नाही, तर दोष टेबलच्या बाजूला आहे. तिथेच चालली नाही, तर व्हीपीएक्सला बोल लावू नका.

आणखी तीन गोष्टी आताच तपासा. सगळा पसारा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये असेल तर तो उचलून सी ड्राइव्हवर थेट एका फोल्डरमध्ये आणा आणि नोंदणी पुन्हा करा. तिथे विंडोज लिहायला मोकळीक देत नाही, मग हायस्कोर आणि सेटिंग टिकत नाहीत. दुसरं, नेटवरून उतरवलेल्या झिपला विंडोज कुलूप लावतं. झिप उघडण्याआधी तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’वर खूण करा, नाहीतर आतल्या डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमच्या सहायक, फाइली दिसतील पण चालणार नाहीत. तिसरं, रॉमची झिप उघडायचीच नाही. ती तशीच ‘रोम्स’ फोल्डरमध्ये ठेवायची. नावही बदलायचं नाही, कारण स्क्रिप्टमध्ये ‘सीगेमनेम’समोर जे लिहिलंय (या टेबलला बहुधा ‘एमएम_१०९सी’) तेच झिपचं नाव असावं लागतं.

हे सगळं एकाच वेळी टाकून देणारे तयार इन्स्टॉलर आहेत आणि नवख्याने ते वापरावेत. मात्र आधी लिहायच्या टेबलावरच्या साध्या पीसीवर, एका मॉनिटरवर, तीन-चार टेबलं नीट चालवा. मगच पीसी कॅबिनेटमध्ये जाऊ द्या. पोटात वाकून टॉर्चच्या उजेडात डीएलएल शोधणं हा छंद नव्हे.

प्रश्न (नाशिक): चार कोपऱ्यांत एक्सायटर लावून ‘एसएसएफ’ (सराउंड साउंड फीडबॅक) करायचं आहे. ७.१ चं यूएसबी साउंड कार्ड घेतलं, पण त्याला एकच हेडफोनचं भोक आहे. यावर होईल का? सगळी जोडणी कशी करावी तेही सांगा.

उत्तर: त्या कार्डावर होणार नाही. ते ७.१ नावापुरतं आहे. आठ चॅनेल दोनात कालवून हेडफोनला देतं. आपल्याला खरी आठ हवीत, म्हणजे ३.५ मिमीची चार आउटपुट भोकं: हिरवं फ्रंट, काळं रिअर, करडं साइड, केशरी सेंटर-वूफर. बऱ्याच मदरबोर्डांवर मागे तीनच भोकं असतात, पण ऑडिओच्या सॉफ्टवेअरमधून त्यांची कामं बदलता येतात आणि चौथी जोडी पुढच्या पॅनेलमधून मिळते. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये ‘८ चॅनेल’ लिहिलंय का ते पाहा. असेल तर नवं कार्ड घेऊच नका.

आता यामागचा विचार. खऱ्या यंत्रात दोन वेगळे आवाज असतात. संगीत आणि बोलणं बॅकबॉक्सच्या स्पीकरमधून आणि तळाच्या वूफरमधून येतं. फ्लिपरचा (गोळा मारणाऱ्या दांडीचा) ठोका, बंपरची थाप, लाकडावर घरंगळणारा गोळा हे सगळं तुमच्या पोटाशी, प्लेफील्डमधून येतं. एसएसएफ म्हणजे हे दोन प्रवाह वेगळे ठेवणं, आणि दुसऱ्या प्रवाहाने कॅबिनेटचं लाकूड थरथरवणं. एक्सायटर हा कागदी कोन नसलेला स्पीकर असतो. तो ज्या फळीला चिकटेल तीच त्याचा कोन होते.

जोडणी अशी (प्रत्येक भोक आणि स्पीकर किंवा एक्सायटर यांच्या मध्ये ॲम्प धरून): हिरवं भोक बॅकबॉक्सच्या दोन स्पीकरांना. करडं मागच्या दोन एक्सायटरांना, म्हणजे बॅकबॉक्सकडच्या कोपऱ्यांत. काळं पुढच्या दोघांना, लॉकबारजवळ (खेळणाऱ्याच्या पुढ्यातली धातूची पट्टी), फ्लिपरच्या रेषेत. एक्सायटर बाजूच्या फळ्यांना आतून, प्लेफील्डच्या उंचीच्या आसपास बसवा. टीव्हीच्या पाठीला लावू नका. नुसत्या चिकटपट्टीवर विसंबू नका, १८ मिमीच्या प्लायवर ती उन्हाळ्यात सुटते. सनमायका किंवा रंग खरवडून, स्क्रूने आवळून बसवा. सैल एक्सायटर ठोका देत नाही, नुसता खुळखुळतो.

विंडोजमध्ये ध्वनीच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन कार्डाला ‘कॉन्फिगर’ करा, ७.१ सराउंड निवडा, आणि ‘फुल रेंज’च्या पानावर फ्रंट आणि सराउंड दोन्हींवर खूण करा. ती राहिली तर ड्रायव्हर खालचे सूर कापू शकतो आणि ठोक्याचा दमच जातो. ‘एन्हान्समेंट’ नावाखाली जे असेल ते बंद. टीव्ही आणि मॉनिटरची एचडीएमआय ऑडिओ उपकरणं ‘डिसेबल’ करून टाका, नाहीतर ग्राफिक्स ड्रायव्हरच्या पुढच्या अपडेटला डिफॉल्ट आवाज टीव्हीवर जाऊन बसेल. व्हीपिनमेमचा आवाज विंडोजच्या डिफॉल्ट उपकरणावर जातो, म्हणून हे कार्ड डिफॉल्ट असणं गरजेचं आहे. मग व्हीपीएक्सच्या ‘प्रेफरन्सेस’मधल्या ऑडिओच्या पानावर प्लेफील्ड आणि बॅकग्लास दोन्हींसाठी हेच कार्ड निवडा आणि पद्धतींच्या यादीतून एसएसएफचा पर्याय घ्या.

परीक्षा सोपी आहे. गोळा डाव्या फ्लिपरवर अडवून धरा. फ्लिपर सोडून पुन्हा मारा. ‘टक’ डाव्या तळव्याखाली लागला पाहिजे. मग नवा गोळा सोडा: तो खेळात ढकलणाऱ्या प्लंजरचा आवाज उजव्या हातापाशी सुरू होऊन उजव्या फळीने मागे जायला हवा. फ्लिपर लांब बॅकबॉक्सखाली वाजतोय असं वाटलं तर काळी आणि करडी पिन अदलाबदल करा. डावं-उजवं उलट असेल तर ॲम्पच्या बाजूने बदला.

एखाद्या जुन्या टेबलात संगीतच एक्सायटरमधून वाजायला लागतं. तो तुमच्या जोडणीचा दोष नाही. एडिटरमध्ये टेबल उघडून ‘साउंड मॅनेजर’मध्ये ती फाइल निवडा आणि तिचं आउटपुट ‘टेबल’वरून ‘बॅकग्लास’ करा.

प्रश्न (कोल्हापूर): टीपीए३११६ चिपचे दोन ॲम्प बोर्ड घेतले, २४ व्होल्टच्या सप्लायवर. तारा वाचवायला चारही एक्सायटरांच्या मायनस एकत्र केल्या. चालू करताच एक बोर्ड गरम होऊन बंद पडला.

उत्तर: त्या एकत्र केलेल्या मायनसनेच घात केला. या चिपचं आउटपुट ‘ब्रिज’ पद्धतीचं असतं. म्हणजे मायनसचं टोक ग्राउंड नाही, तिथेही प्लससारखाच जिवंत सिग्नल असतो. दोन चॅनेलच्या मायनस जोडल्या की दोन आउटपुट एकमेकांवर शॉर्ट होतात. प्रत्येक एक्सायटरला स्वतंत्र दोन तारा, आणि यातली एकही तार कॅबिनेटच्या अर्थिंगला किंवा पीसीच्या ग्राउंडला लागता कामा नये. चिपमध्ये शॉर्टपासून संरक्षण असतं, तेव्हा बोर्ड टाकून देण्याआधी तारा सुट्या करून एकदा चालू करून पाहा.

व्होल्टेजबद्दलही सांगतो. चिपची मर्यादा २६ व्होल्ट. ४ ओमच्या स्पीकरला चॅनेलमागे ५० वॅट कंपनी २१ व्होल्टवरच सांगते. ४ ओमचे एक्सायटर असतील तर २४ व्होल्टवर चिप विनाकारण तापते. जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्ट, ९० वॅटचा ॲडॉप्टर दोन बोर्डांना घरगुती आवाजात पुरून उरतो. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो हुडकावा लागत नाही.

प्रश्न (ठाणे): वूफर केशरी भोकाला जोडलाय. विंडोजच्या टेस्टमध्ये वाजतो, गेममध्ये एकदम मुका.

उत्तर: कारण त्या चॅनेलवर कोणी काही पाठवतच नाही. रॉमचा आवाज फार तर दोन चॅनेलचा; १९९३ पासूनच्या विल्यम्स-बॅलीच्या ‘डीसीएस’ यंत्रांत तर तो मुळातच मोनो आहे. विंडोज त्यातून खालचे सूर गाळून वूफरला देत नाही. वूफर हिरव्या भोकावरच दुभाजक (स्प्लिटर) लावून घ्या. त्याहून सोपं म्हणजे बॅकबॉक्ससाठी २.१ चा ॲम्प बोर्ड घ्या. त्यात दोन स्पीकर आणि वूफरचा फिल्टर एकाच इनपुटवर मिळतो. केशरी भोक मोकळं राहू द्या.

प्रश्न (रत्नागिरी): शांत असताना स्पीकरमधून घूं असा आवाज येतो, आणि माउस हलवला की किरकिर. कोणीतरी सांगितलं, पीसीच्या प्लगची जाड पिन काढून टाका म्हणजे जाईल.

उत्तर: जाईल, आणि लॉकबारला हात लावल्यावर झटकाही बसेल. अर्थिंगच्या पिनला हात लावायचा नाही. उलट लॉकबार, बाजूच्या पट्ट्या, पाय, कॉइन डोअर हे सगळं लोखंड हिरव्या तारेने एकमेकांना आणि अर्थिंगला जोडलेलं हवं. तुम्ही तासन् तास त्यालाच धरून उभे राहणार आहात.

माउसबरोबर बदलणारी किरकिर म्हणजे पीसीचा ग्राउंड आणि ॲम्पचा ग्राउंड दोन वाटांनी भेटताहेत. ॲम्पला पीसीच्याच एसएमपीएसमधून १२ व्होल्ट घेतले असतील तर ते आधी सोडा. स्वतंत्र ॲडॉप्टर लावला असेल तर तो तीन पिनचा आहे का पाहा. तीन पिनच्या बऱ्याच लॅपटॉप ॲडॉप्टरांत डीसीचं मायनस अर्थिंगला जोडलेलं असतं, आणि वळसा (ग्राउंड लूप) पूर्ण होतो. दोन पिनचा, दुहेरी इन्सुलेशनचा (चौकोनात चौकोन ही खूण असलेला) ॲडॉप्टर वापरला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

नाही मिटला तर पीसीकडची ३.५ मिमीची पिन उपसून पाहा. घूं थांबलं तर ग्राउंड लूप आहे, तिथे ऑडिओ आयसोलेटर लावा. न थांबलं तर ॲम्पचा सप्लाय किंवा इनपुटची तारच खराब आहे. स्वस्त आयसोलेटर खालचे सूर खातो, म्हणून शक्यतो एक्सायटरांच्या ओळीवर नको.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): बॅकग्लास एका टेबलात दिसतो, दुसऱ्यात नाही.

उत्तर: नावं जुळवा. टेबलच्या फाइलचं आणि बॅकग्लासच्या ‘डायरेक्टबीटूएस’ फाइलचं नाव अक्षर न् अक्षर एकच हवं, स्पेस आणि कंसासकट, आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये. एका टेबलात दिसतो म्हणजे स्क्रीनची मांडणी आणि नोंदणी ठीक आहे, तिथे वेळ घालवू नका.

प्रश्न (मुंबई): फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. रात्री खेळलं की खालचे तक्रार करतात.

उत्तर: त्रास वूफरचा आहे, तो स्लॅबमधून उतरतो. वूफरची कळ बाहेर, हाताशी आणा आणि रात्री शून्यावर ठेवा. पायांखाली जाड रबर घाला. एक्सायटरांचा आवाज बऱ्यापैकी कॅबिनेटमध्येच राहतो. रॉमचा आवाज वेगळा कमी करता येतो: विल्यम्स-बॅलीच्या नव्वदीतल्या टेबलांत खेळ सुरू नसताना ८ आणि ९ या कळांनी. तो आकडा रॉमच्या ‘एनव्हीरॅम’ फाइलमध्ये साठतो, त्यामुळे प्रत्येक टेबलात एकदाच करावं लागतं.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): इथे बांधलेलं कॅबिनेट सांगलीला पाठवायचं आहे. १२० वरून २३० व्होल्टला काय काय बदलावं लागेल?

उत्तर: लॅपटॉप ॲडॉप्टरांवर आणि पीसीच्या सप्लायवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ लिहिलेलं असेल तर फक्त तारा बदला. टीव्हीच्या मागची पट्टी वाचा, अमेरिकेतल्या काही टीव्हींवर फक्त १२० असतं. खरा धोका सोलेनॉइडसाठी (ठोका देणाऱ्या विद्युत कॉइलसाठी) लावलेल्या जाळीच्या सप्लायचा. मीनवेलच्या एलआरएस-३५० सारख्या सप्लायला बाजूला ११५/२३० चा छोटा लाल खटका असतो. तो ११५ वर ठेवून इथे प्लग लावला तर पहिल्याच क्षणी सप्लाय जातो. पेटी बंद करण्याआधी तिथेच खटका २३० वर करा आणि मेन वायरला तशी चिठ्ठी बांधा. कॅबिनेटमध्ये १२० व्होल्टचे पंखे थेट मेनवर असतील तर ते काढून १२ व्होल्ट डीसीचे बसवा.