‘मीठ कमी असेल हं, सांभाळून घ्या’

‘घरी कुणी जेवायला येणार म्हटलं की आदल्या दिवसापासून पोटात गोळा येतो. पानं वाढताना आपोआप माफी मागितली जाते. हे थांबेल का?’ असं विचारणाऱ्या बायका माझ्याकडे बऱ्याच येतात. त्यांतल्या एकीबद्दल, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, लिहिते आहे.

या ताई पंचेचाळिशीच्या, नोकरी करणाऱ्या. हाताला चव आहे. तरी पाहुण्यांनी पहिला घास घेण्याआधीच त्या म्हणणार, ‘आज आमटी बिघडलीच आहे.’ मग पाहुणे म्हणतात, ‘छे, मस्त झालीय!’ त्यांना बरं वाटतं, पण घटकाभरच. मागून घेतलेल्या कौतुकावर मनाचा विश्वास बसत नाही, मग पुढच्या वेळी ते पुन्हा मागावं लागतं. चिंता तेवढ्यापुरती उतरते, म्हणून तर ही सवय सुटत नाही. आणि कुणी नाव ठेवलंच, तर आपण ते पचवू शकतो हे कळायची वेळच येत नाही.

त्या सुमारास मी ज्युलिया चाइल्ड यांचं ‘माय लाइफ इन फ्रान्स’ वाचत होते. अमेरिकेतल्या घराघरांत फ्रेंच स्वयंपाक पोचवणाऱ्या या बाईंच्या आठवणी त्यांच्या निधनानंतर, 2006 साली प्रसिद्ध झाल्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे 1948 मध्ये त्या फ्रान्सला गेल्या तेव्हा 36 वर्षांच्या होत्या आणि स्वयंपाकात नवख्याच. रूआँ गावी लोण्यातला मासा पहिल्यांदा खाल्ला, त्याचं वर्णन फार सुंदर आहे. मला मात्र एक फसलेलं जेवण जास्त आवडलं. त्यांनी मैत्रिणीला जेवायला बोलावलं, पीठ न मोजता अंदाजाने घातलं, सॉस चिकट झाला. पालक मिळाला नाही म्हणून चिकोरीची कडू पानं वापरली. दोघी निमूट जेवल्या, आणि ज्युलियाबाईंनी ठरवून माफी मागितली नाही. काय चुकलं ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. फक्त आपली समजूत काढायचं काम त्यांनी पाहुणीवर टाकलं नाही. माझ्या मते यात बेफिकिरी नाही, पाहुणीचा मान आहे.

मी ताईंना हा प्रसंग सांगितला. त्या लगेच म्हणाल्या, ‘ती मैत्रीण होती. माझ्याकडे जाऊबाई असतात.’ खरंच होतं ते. कुणासमोर पदार्थ बिघडतो, यावर त्याची किंमत ठरते. म्हणून सोप्या माणसांपासून सुरुवात केली: आधी ऑफिसातल्या मैत्रिणी, मग बहीण, सासरची मंडळी सगळ्यात शेवटी. नियम एकच. पानं वाढल्यापासून उठेपर्यंत आपल्या स्वयंपाकावर आपण शेरा मारायचा नाही. मीठ खरंच कमी असेल तर ‘मीठ कमी आहे, वरून घ्या’ एवढं एकदा सांगायचं. ती माहिती झाली, माफी नव्हे.

(हीच धडधड जेवणापलीकडे सगळीकडे होत असेल, झोप उडाली असेल, तर घरच्या घरी प्रयोग करत बसू नका, तज्ज्ञांना भेटा.)

सासरची मंडळी आली तेव्हा जाऊबाई म्हणाल्याच, ‘वाल जरा कच्चट राहिलेत ना?’ ताई ‘हो, राहिलेत’ म्हणाल्या आणि त्यांना आणखी एक पोळी वाढली. दहीभात येईपर्यंत छातीत धडधडत होतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. स्वतःच्या आईसमोर मात्र त्यांना अजून गप्प राहता येत नाही. सध्या आम्ही त्याच्यावरच बोलतो आहोत.