लोरावॅनची रेंज, हरवणारी पॅकेट आणि लवकर संपणारी बॅटरी

प्रश्न: उसात ओलावा मोजणारे लोरावॅनचे (कमी बॅटरीत थोडा डेटा लांबवर पाठवणारं रेडिओ नेटवर्क) सेन्सर लावलेत, गेटवे (सेन्सरचे मेसेज पकडून पुढे इंटरनेटवर टाकणारा बॉक्स) दीड किलोमीटरवर घरी आहे. लागणीनंतर छान चालायचं, ऊस वाढला तसा सिग्नल गेला. पॉवर वाढवू का?

उत्तर: पॉवरला अजून हात लावू नका. उसाच्या पानात पाणी भरपूर, ते सिग्नल खातं, म्हणून सेन्सर मातीतच राहू दे पण अँटेना पाईपवर बांधून शेंड्याच्या वर काढा. मग गेटवे बघा. बरेच जण गेटवे घरात ठेवतात आणि दहा मीटर आरजी-५८ (बारीक अँटेना केबल) गच्चीवर नेतात, त्या केबलमध्येच निम्म्याहून जास्त सिग्नल जातो, पाठवताना पण आणि ऐकताना पण. त्यापेक्षा गेटवेच वॉटरप्रूफ बॉक्समध्ये अँटेनाखाली बसवा आणि सप्लाय पीओईने (नेटवर्क केबलमधूनच वीज) द्या.

प्रश्न: सोसायटीत पाण्याचे मीटर थोडे होते तेव्हा ठीक होतं, आता २०० झालेत आणि रीडिंग गायब होतात. सेफ म्हणून सगळे एसएफ१२ वर (एसएफचा आकडा मोठा तर मेसेज संथ, पण लांब पोचतो) ठेवलेत, कन्फर्म्ड मेसेज (प्रत्येक मेसेजला गेटवेकडून पोच) पण चालू आहेत.

उत्तर: अहो, गडबड तिथंच आहे! १० बाइटचा डेटा एसएफ७ वर साधारण ६२ मिलिसेकंदात जातो, एसएफ१२ वर तोच दीड सेकंद हवा अडवून बसतो, आणि हे मीटर दुसरं कोणी बोलतंय का ते न बघताच बोलतात त्यामुळे टक्कर होणारच. मीटर जागचे हलत नाहीत ना, मग एडीआर (नेटवर्क प्रत्येक मीटरचा एसएफ स्वतः ठरवतं ती सोय) चालू करा, जवळचे आपोआप एसएफ७-८ वर येतील. कन्फर्म्ड बंद करा, कारण गेटवे पोच पाठवत असतो तेवढा वेळ त्याला काहीच ऐकू येत नाही, म्हणजे एकाला पोच देताना बाकीच्यांची रीडिंग जातात. आणि सगळे मीटर बरोबर तासाला पाठवत असतील तर प्रत्येकाची वेळ थोडी मागेपुढे करा, याने खूप फरक पडतो.

प्रश्न: बाहेरून मागवलेले ८६८ मेगाहर्ट्झचे नोड (सेन्सर-मीटरसारखी लोरावॅनची उपकरणं) इथे चालतील?

उत्तर: युरोपच्या सेटिंगवर नाही. त्यांचे मूळ चॅनल ८६८.१ पासून सुरू होतात, आपला विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. फर्मवेअरमध्ये (नोडच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) आयएन८६५ ही भारताची सेटिंग निवडा, आणि विकायचे असतील तर डब्ल्यूपीसीचं (केंद्र सरकारचा वायरलेस विभाग) ईटीए, म्हणजे उपकरणाची मंजुरी, आधी घ्या.

प्रश्न: २४०० एमएएचची बॅटरी तीन महिन्यात संपली, पाठवतो तर तासाला एकदाच.

उत्तर: मग नोड नीट झोपत नाहीये. नुसता १ मिलिअँप सतत जात राहिला तरी तुमची बॅटरी १०० दिवसात खलास. डेव्हलपमेंट बोर्डवरचा एलईडी, यूएसबी चिप, रेग्युलेटर हेच बहुतेक खात असतील. स्लीपमध्ये मल्टिमीटर लावा, करंट मायक्रोअँपमध्ये दिसला पाहिजे, नाहीतर बोर्ड बदला.