दुकानदाराने लिहून दिलेले साडेचार तास

प्रश्न: बार्शी तालुक्यात घरीच शिवणकाम करते. लाइट रोज तीन-चार तास जाते, म्हणून मे महिन्यात इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी घेतली. दोन्ही मिळून २३,००० रुपये. मोटरच्या दोन मशिनी, दोन पंखे, दोन ट्यूब आणि चार तासांची गरज, हे सगळं दुकानदाराला आधीच सांगितलं होतं. त्याने दुकानाच्या छापील कागदावर '४०० वॅट, साडेचार तास' असं लिहून दिलं. पहिल्या दिवसापासून सव्वादोन तासांतच इन्व्हर्टर ओरडायला लागतो. कंपनीचा माणूस येऊन 'बॅटरी ओके' असा शेरा मारून गेला. दुकानदार म्हणतो, आता कंपनीकडे बघा. सदोष बॅटरी दिली म्हणून कंपनीवर केस करता येईल का? दुसऱ्या मशिनीवर मदतीला एक मुलगी येते.

उत्तर: ताई, केस करता येईल, पण कंपनीवर 'सदोष बॅटरी' म्हणून केलीत तर बहुतेक हराल. तुमची बॅटरी चांगली आहे, असं मला तुमच्याच आकड्यांवरून दिसतं.

स्टिकर नीट वाचा. १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) शेजारी किंवा खाली बारीक अक्षरांत 'सी २०' असेल. त्याचा अर्थ, ही बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तर १५० एएच देईल, म्हणजे सतत साडेसात अँपिअरने. दुकानदाराने काय केलं? १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८००, भागिले ४००, आले साडेचार. चौथीतला हिशेब. पण इन्व्हर्टर स्वतःच पंधरा-वीस टक्के खातो, त्यामुळे तुमच्या ४०० वॅटसाठी बॅटरीला पाचशेच्या घरात द्यावे लागतात. बारा व्होल्टने भागले की चाळीसएक अँपिअर, साडेसातच्या पाचपटींहून जास्त. आणि शिसे-आम्लाच्या बॅटरीतून जितक्या जोराने ओढाल तितकं एकूण कमी निघतं. पॉयकर्ट नावाच्या जर्मन माणसाने १८९७ मध्येच हे सूत्रात मांडलं. या वेगाने १५० ची बॅटरी नव्वद-शंभर एएचच्या आसपास देते. शंभर भागिले चाळीस करा. तुमचे सव्वादोन तास त्याच्या जवळच आहेत. (हे सगळं मी एका बॅटरीवाल्याची उलटतपासणी घेताना शिकलो. त्या दिवशी त्यानेच मला शिकवलं म्हणा ना.)

आता समजा तुम्ही 'माल सदोष' असं लिहिलंत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे, तपासणीशिवाय दोष कळत नसेल तर ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवतो, आणि त्याची फी आधी तक्रारदाराकडून भरून घेतो. तिथे बॅटरी सी २० वर तपासली जाईल, आरामात पास होईल आणि तो अहवाल तुमच्याच विरुद्ध जाईल. म्हणून तक्रारीत 'सदोष' हा शब्दच नको.

तुमचं बळ त्या छापील कागदात आहे. मालाच्या दर्जाबद्दल, उपयोगाबद्दल खोटं सांगून तो विकणं ही याच कायद्याच्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. शिवाय माल विक्री अधिनियम, १९३० चं कलम १६ : खरेदीदाराने गरज सांगितली आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर तो त्या गरजेला पुरा पडलाच पाहिजे. त्याला एक पळवाट आहे. तुम्ही अमुक कंपनीची अमुक बॅटरीच द्या, असं नाव घेऊन मागितली असेल तर हे कलम लागत नाही. दुकानात तुम्ही नेमकं काय म्हणालात, हे पत्रात नाही. आजच आठवून लिहून काढा. सोबत कोणी होतं का, तेही.

दुकानदाराचा वकील आणखी एक मुद्दा काढेल : शिवणकाम हा धंदा, तेव्हा बाई ग्राहकच नाहीत. घाबरू नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त येत नाही, असं कलम २(७) च्या स्पष्टीकरणातच आहे. एक-दोन मदतनीस असले तरी ग्राहकपण जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सांगितलंय. तेव्हा मुलगी मदतीला येते हे लपवू नका. पावतीवर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलेलं असेलच. त्या ओळीआड दुकानदाराला खोट्या आश्वासनातून सुटता येत नाही.

आधी पुरावा. 'चार्जिंगला नेतो' म्हणत दुकानाचा माणूस आला तर पोच घेतल्याशिवाय बॅटरी हलवू देऊ नका. स्टिकरचा, कागदाच्या दोन्ही बाजूंचा, पावतीचा फोटो काढा. बॅटरी पूर्ण चार्ज करून एकदा सगळं चालवा. वायरमनला क्लॅम्प मीटर (वायरीतला करंट मोजायचं यंत्र) लावून लोड लिहायला सांगा, सही घ्या, घड्याळ दिसेल असा व्हिडिओ करा.

मग स्पीड पोस्टाने दुकानदाराला पंधरा दिवसांची नोटीस द्या. कंपनीला पक्षकार करायचं का? तिच्या माहितीपत्रकात किंवा खोक्यावर तासांचा तक्ता छापलेला असेल तरच. एरवी वकील सगळ्यांनाच ओढतात. मला ते पटत नाही. इथे तर कंपनीचा 'ओके'चा शेरा तुमच्याच बाजूने बोलतो : बॅटरी ठीक आहे, म्हणजे तासांची थाप दुकानाची.

नोटिशीत मागा काय? माझं ऐकाल तर पैसे परत यापेक्षा, फरक भरून दोन बॅटरींचा २४ व्होल्टचा संच. दोन बॅटऱ्यांत लोड वाटला गेला की प्रत्येकीवर वीसेक अँपिअरच येतात आणि चार तास सहज निघतात. दुकानदारालाही हे परवडेल.

नाही ऐकलं तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही त्या जिल्ह्यात राहता, तेवढं पुरतं. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. ती खरेदीच्या तारखेपासून धरा. बुडालेल्या कामाची भरपाई वहीत नोंद असेल तेवढीच मागा. ब्लाउजच्या शिलाईवर लाखभर मागितले की खऱ्या हजारांवरचाही विश्वास उडतो.

आणि चाचणीच्या दिवशी इस्त्री त्या बोर्डावरून काढून ठेवा. ती एकटीच साताठशे वॅट खाते, आणि 'इस्त्री लावली असणार' हे दुकानदाराचं पहिलं उत्तर असेल.