डेकलखाली चांदी का दिसते?

प्रश्न: आम्ही चौघं मित्र मिळून शर्मन रणगाड्याचं एकेक मॉडेल बनवतोय, स्केल १/३५ (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं). माझा रंग मस्त बसला पण पांढऱ्या ताऱ्याचं डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं पातळ चित्र) चिकटवलं तर वाळल्यावर त्याच्या कडेनं चंदेरी चकाकी आली, बाकीच्यांचं तसं झालं नाही. आता सगळं काढू का?

उत्तर: अजिबात काढू नका! मॅट, म्हणजे न चकाकणारा रंग जवळून बघा, खरखरीत असतो, त्या बारीक खड्ड्यांत डेकलखाली हवा अडकते आणि तीच चंदेरी दिसते. बारीक सुईनं तिथे हलकेच टोचा, वर डेकल सॉफ्टनर (डेकल मऊ करणारं द्रव) लावा आणि मग हात लावू नका, कारण डेकल आधी सुरकुततं, जीव घाबरतो, पण वाळताना आपोआप ताणून बसतं, नाहीच बसलं तर परत एकदा. पुढच्या वेळी आधी ग्लॉस कोट (गुळगुळीत, चकचकीत पारदर्शक थर), मग डेकल, शेवटी मॅट वार्निश. खरा शर्मन साधारण ५.८ मीटर लांब, तुमचा जेमतेम १७ सेंटीमीटर, म्हणून एवढीशी चकाकीही लगेच डोळ्यात खुपते. आणि मित्रांना विचारा ना ग्लॉस कोट कोणता मारला ते, एकत्र बसून बनवण्यातली खरी मजा मला तरी त्यातच वाटते.