प्राचीन इजिप्तमध्ये ममी करताना प्रेत ७० दिवस मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचे, हे खरं आहे का?

नाही. घोळ प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या वर्णनातून झालाय. त्याने वापरलेलं ग्रीक क्रियापद मासे खारवण्यासाठीही वापरतात, आणि त्याचा अर्थ पुढे ‘खाऱ्या पाण्यात मुरवणं’ असा लावला गेला. पाण्यात ठेवल्यास कातडीचा वरचा थर सुटून येतो, आणि प्रेत सुकत तर नाहीच. खारा बांगडा डोळ्यांसमोर आणा: पोट साफ, मग आतून-बाहेरून कोरडं मीठ.

७० दिवस हा विधी आणि गुंडाळणं धरून एकूण काळ. खारात साधारण ३५ ते ४० दिवस. हा खार म्हणजे नॅट्रॉन, इजिप्तमधल्या वादी अल् नत्रूनच्या तळ्यांकाठी साचणारा: धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, मीठ आणि थोडं सोडियम सल्फेट. तो पाणी ओढतो, चरबीचा साबण करतो आणि अल्कधर्मी असल्याने जिवाणूंना वाढू देत नाही. तिथे नुसतं मीठ कमी पडतं.

त्याआधी मेंदू. नाकपुडीतून सळई घालून वरचं पातळ हाड फोडायचे. ‘आकड्याने मेंदू ओढून काढत’ हे सगळीकडे लिहिलेलं असतं, पण मेंदू इतका मऊ की आकड्याला धड लागतच नाही. तो आत घुसळून पातळ करायचा आणि प्रेत पालथं करून नाकावाटे ओतून द्यायचा.

मग डाव्या कुशीत हात जाईल एवढीच चीर. तिथून आतडी, जठर, यकृत आणि छाती-पोटामधला पडदा फाडून फुप्फुसं. ही वेगळी सुकवून बरण्यांत. हृदय जागेवरच, कारण परलोकात तेच तोललं जाणार. पोकळीत नॅट्रॉनच्या पुरचुंड्या भरणं सगळ्यात महत्त्वाचं. बाहेरचा खार आतपर्यंत पोचेस्तोवर आतून सडायला सुरुवात होते.

खार किती लागतो? १९९४ मध्ये अमेरिकेत मेरीलँडला बॉब ब्रायर आणि रोनाल्ड वेड या संशोधकांनी देहदान केलेल्या माणसाची याच पद्धतीने ममी केली, तेव्हा सुमारे २६० किलो लागला.

सुकलेल्या अंगाला तेल, मेण आणि राळ, मग तागाच्या पट्ट्या, थराथरात पुन्हा राळ. इजिप्तमधल्या सक्कारातल्या ममी करण्याच्या कार्यशाळेच्या भांड्यांत डामर राळेचे (झाडाची राळ, रस्त्याचं डांबर नव्हे) अंश सापडलेत, म्हणजे माल थेट आग्नेय आशियाच्या जंगलांतून येत होता. आपल्या साल वृक्षाची राळही त्याच कुळातली.

बिघडायचं ते बहुधा अतिरेकाने. तुतनखामुन या फारोच्या (राजाच्या) ममीवर राळ आणि तेलं इतकी ओतली की पट्ट्या करपून काळ्या झाल्या आणि देह शवपेटीच्या तळाला चिकटला. १९२५ मध्ये तो बाहेर काढताना तुकडे करावे लागले. इजिप्तच्या २१व्या राजवंशात (सुमारे ३,००० वर्षांपूर्वी) चेहरा भरीव दिसावा म्हणून कातडीखाली भर घालू लागले. राणी हेनुत्तावीच्या गालांत ती जास्त झाली, आणि कातडी आकसल्यावर गाल फाटले.