प्रमाणपत्राची तारीख कोणी पाहायची? (नव्याने मुख्याध्यापिका झालेल्या सदस्येस उत्तर)

आपली पोस्ट दोनदा वाचली. केवळ अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात येणारी विशिष्ट अडचण) असलेल्या मुलांसाठी चालणारी साठ-पासष्ट पटाची शाळा, जूनमध्ये अचानक गळ्यात पडलेले मुख्याध्यापकपद, गणपतीच्या सुट्टीआधी राजीनामा देऊन गेलेल्या समन्वयक बाई (मुलांच्या चाचण्या, प्रमाणपत्रे आणि सवलतींचे काम पाहणाऱ्या), आणि दहावीच्या अकरा विद्यार्थ्यांपैकी कोणाचे अक्षमतेचे प्रमाणपत्र (ज्यावर परीक्षेतील सवलती मिळतात) कुठे आहे हे शाळेत कोणालाच धड सांगता न येणे. यातला पटाचा आकडा सोडला तर बाकी सगळे माझ्या वाट्याला येऊन गेले आहे. मी अशाच एका शाळेत नऊ वर्षे मुख्याध्यापिका होते. आता निवृत्त आहे, म्हणून खाली नियमांविषयी जे लिहिते ते आपल्या विभागीय मंडळाकडून आणि प्रमाणपत्र देणाऱ्या रुग्णालयाकडून एकदा ताडून घ्यावे. मतांची जबाबदारी मात्र पूर्णपणे माझी.

वाचन, लेखन व गणन अक्षमता म्हणजे काय, वैयक्तिक शिक्षण आराखडा कसा लिहायचा, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. मी थेट त्या चुकीकडे येते जी मला सर्वांत महाग पडली, आणि खरे तर माझ्यापेक्षा एका मुलाला पडली.

आमच्या समन्वयक अत्यंत कामसू होत्या. मुलांची चाचणी कधी झाली, कोणत्या पालकांना फोन करायचा, कोणाला लेखनिक (परीक्षेत मुलाने सांगितलेले उत्तर लिहून देणारा) लागेल, हे सारे त्यांना तोंडपाठ असे, आणि मी त्याचे कौतुक करत असे. ते कौतुक हीच माझी चूक होती, हे त्या सोडून गेल्यावर कळले. 4 जानेवारी 2018 रोजी केंद्र सरकारने दिव्यांगत्व तपासणीच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षे वयापासून द्यावे, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी व्हावी, आणि अठराव्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र कायमचे मानावे, असे म्हटले होते. ते पत्रक मी वाचले होते, त्यावर सही करून ते समन्वयकांकडे पाठवलेही होते. पण आमच्या दहावीतील कोणत्या मुलाचे प्रमाणपत्र नवव्या-दहाव्या वर्षीचे आहे, हे मी स्वतः कधीही उघडून पाहिले नाही. ते काम आपले नाही, असे मला वाटत होते.

त्या वर्षी दहावीत एक मुलगा होता. इतिहासाचे उत्तर तो तोंडी सांगू लागला की शिक्षकसुद्धा खडू खाली ठेवून ऐकत. तेच उत्तर लिहायला सांगितले की अर्ध्या तासात चार ओळी होत. त्याचे प्रमाणपत्र दहाव्या वर्षीचे निघाले, म्हणजे चौदाव्या वर्षीची पुनर्तपासणी झालीच नव्हती. हे लक्षात आले तेव्हा परीक्षेचे अर्ज भरणे सुरू झाले होते. पुनर्तपासणी एका दिवसात होत नाही, हे आपण जाणताच: डोळे आणि कान तपासायचे, मानसशास्त्रज्ञांची बुद्ध्यंक चाचणी, विशेष शिक्षकांची शैक्षणिक चाचणी, आणि प्रत्येक वेळी आई किंवा वडिलांनी रजा काढून सोबत जायचे. आम्हाला पहिलीच तारीख जानेवारीअखेरची मिळाली.

प्रमाणपत्र हाती आल्यावरही एका कार्यालयाने परीक्षेतील सवलतींसाठीचा आमचा प्रस्ताव तीन वेळा परत पाठवला. त्याचे नाव मी लिहिणार नाही. पहिली त्रुटी अशी की रुग्णालयाने मुलाचे नाव आधी आणि आडनाव शेवटी लिहिले होते, तर शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आडनाव आधी आणि वडिलांचे पूर्ण नाव मध्ये होते. दुसरी त्रुटी, झेरॉक्सवर मुख्याध्यापकांचा शिक्का आहे पण दिनांक नाही. तिसऱ्या वेळी त्रुटीच नव्हती. संबंधित लिपिक दुसऱ्या कामावर गेले होते आणि फाईल त्यांच्या कपाटात कुलूपबंद होती. दोन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी सांगता आल्या असत्या. मला अधिक खुपले ते त्या टेबलावरचे बोलणे, की ‘या सवलती म्हणजे मेहेरबानी आहे, मॅडम, घाई कशाला करता?’ महाराष्ट्रात या मुलांना परीक्षेत सवलती 1996 पासून मिळत आल्या आहेत. त्या काळी केंद्राच्या 1995 च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेखही नव्हता, तो पुढे 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात आला, आणि तेव्हापासून तर मेहेरबानी हा शब्दच उरायला नको होता. हे त्या दिवशी मला तिथे बोलता आले नाही. घरी आल्यावर सगळे सुचले.

मंजुरी आली तोपर्यंत अर्ध्याहून अधिक पेपर होऊन गेले होते. त्या पेपरांना ना लेखनिक मिळाला, ना तासामागे वीस मिनिटांचा जादा वेळ. विज्ञानाचा आणि इतिहासाचा पेपर त्याने निम्मा कोरा ठेवला. जुलैच्या पुरवणी परीक्षेत लेखनिकासह तो दोन्ही विषयांत उत्तीर्ण झाला, पण अकरावीच्या प्रवेशफेऱ्या पुढे गेल्या होत्या, आणि त्याच्या आईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, हे आजही सोसत नाही.

म्हणून माझे ठाम मत आहे की प्रमाणपत्रांची नोंदवही मुख्याध्यापकांच्या टेबलावर, त्यांच्याच हस्ताक्षरात असावी. मुलाचे नाव जनरल रजिस्टरप्रमाणे, जन्मतारीख, प्रमाणपत्राची तारीख, आणि चौदा वर्षे कधी पूर्ण होतात तो महिना, एवढे पुरे. रुग्णालयात पाठवताना शाळेचे पत्र आणि बोनाफाईड द्यावे, त्यावर नाव रजिस्टरप्रमाणे लिहून ‘हेच नाव वापरावे’ अशी विनंती करावी. कोणत्याही कार्यालयात कागद दिला की आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय पायरी उतरू नये; ‘ठेवून जा, बघतो’ या शब्दांवर आमचे पंधरा दिवस गेले.

अधिकारांबाबतही थोडे लिहिते, कारण आपण नवीन समन्वयक नेमणार आहात असे दिसते. त्या पदाला वेळापत्रकावर अधिकार नसेल तर ते पद म्हणजे केवळ फायली वाहण्याची नोकरी ठरते. आमच्याकडे गणिताचे तास वाढवायचे असले की विशेष शिक्षकांचाच तास कापला जाई आणि तो निर्णय समन्वयकांना शेवटी कळे. माझ्या अंदाजाने त्या सोडून गेल्या त्याचे कारण पगार नव्हते, हे होते. नेमणूक करताना भारतीय पुनर्वास परिषदेची (विशेष शिक्षकांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेची) नोंदणी पाहालच, पण तिच्या नूतनीकरणाची तारीखही त्याच नोंदवहीत लिहून ठेवावी. आणि संस्थाचालक ‘निकाल शंभर टक्के लागला पाहिजे’ म्हणून जड जाणाऱ्या मुलांना मुक्त विद्यालयाकडे वळवू लागले तर आपण विरोध करावा, असे मला वाटते. मुक्त विद्यालयाचा मार्ग काही मुलांसाठी फार चांगला आहे, विषय निवडता येतात आणि सवडीने परीक्षा देता येते. मात्र तो मुलाच्या सोयीसाठी निवडावा, शाळेच्या निकालपत्रकासाठी नव्हे. यावर येथील काही सदस्यांचे मत वेगळे असेल, त्यांचा अनुभवही खरा असू शकतो.

लेखनिकाविषयी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. लेखनिक मिळाला म्हणजे मुलाला उत्तर सांगता येतेच असे नाही. विरामचिन्हे बोलून दाखवणे, दुसऱ्याच्या लिहिण्याच्या वेगाने थांबणे, आकृतीचे वर्णन करणे हे शिकवावे लागते. सहामाहीपासूनच प्रत्येक चाचणीत सराव ठेवावा.

आता आपल्या अकरा मुलांपैकी ज्यांचे चौदावे वर्ष उलटून गेले आहे आणि प्रमाणपत्र त्याआधीचे आहे, त्यांची नावे याच आठवड्यात काढावीत आणि रुग्णालयाच्या तारखेसाठी पालकांना न पाठवता स्वतः जावे. दिवाळीनंतर त्या रांगेत राज्यभरातील दहावीची मुले उभी असतात.