आधी कानस खाली ठेवा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार दादा. मी धुळ्याची, कॉलेजला आहे, क्लबमध्ये २५ मीटर स्टँडर्ड पिस्टल मारते. क्लबचं पॉइंट टू-टूचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल आहे, इंपोर्टेड. १५० सेकंदाच्या सिरीजला (एका सिरीजला पाच गोळ्या) मस्त चालतं, पण २० आणि १० सेकंदाला हमखास अटकतं. एक सिनियर म्हणतो स्प्रिंगचे दोन वेढे कापून हलकी कर, दुसरा म्हणतो मॅगझिनचे ओठ, म्हणजे वरच्या तोंडाच्या कडा, पक्कडने थोडे दाब. कोणाचं ऐकू?

उत्तर: ताई, दोघांचंही नका ऐकू, आणि पिस्तूल क्लबचं आहे तर पक्कड लावायचा तुम्हाला अधिकारही नाही.

आधी हे समजून घ्या की तुमच्या पिस्तुलात नेमकं काय होतं. यात चेंबरला, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेला, कुलूप वगैरे काही नसतं, मागच्या सरकत्या भागाचं, म्हणजे स्लाइडचं वजन आणि रिकॉइल स्प्रिंग एवढ्यावरच सगळा खेळ चालतो. ज्या दाबाने गोळी पुढे सुटते तोच दाब काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीला मागे ढकलतो, स्लाइड मागे जाते, एक्स्ट्रॅक्टरची नखी पुंगळीला धरून ठेवते, इजेक्टर तिला बाहेर उडवतो आणि स्प्रिंग परत येताना मॅगझिनमधलं नवीन काडतूस आत सरकवते. स्प्रिंग कापली की स्लाइड मागे जोरात आपटणार, शिवाय परत येताना काडतूस पूर्ण आत बसवायला जोरही उरणार नाही, म्हणजे एकाचे दोन प्रॉब्लेम.

आता तुमच्या पत्रातली खरी गंमत. काडतूस तेच, स्प्रिंग तीच, आधीची गोळी ३० सेकंदांपूर्वी मारली का २ सेकंदांपूर्वी हे स्लाइडला कळत नाही, ती त्याच वेगाने मागे जाते. मग फास्ट सिरीजलाच का अटकतं? बदललं काय तर एक तर तुमचा हात, घाईत पकड ढिली होते, मनगट वाकतं, मग पिस्तूलच मागे जातं आणि स्लाइडला पूर्ण मागे जायला आधार मिळत नाही. किंवा दुसरं कारण, जे कोणी बघतच नाही: मॅचचा क्रमच असा आहे की आधी २० गोळ्या १५० सेकंदाच्या, मग २० सेकंदाच्या, सगळ्यात शेवटी १० च्या. म्हणजे फास्ट सिरीज येते तोवर पिस्तूल आधीच काजळलेलं असतं! पॉइंट टू-टूच्या गोळीवर बाहेरूनच मेण किंवा ग्रीस लावलेलं असतं, ते जळून काजळीत मिसळतं आणि चेंबरमध्ये, एक्स्ट्रॅक्टरच्या नखीखाली थर बसतो.

तर एक करा. कोचला सांगून पिस्तूल नीट साफ करून घ्या आणि त्या दिवशी उलट्या क्रमाने मारा, सुरुवातच १० सेकंदाने. पहिल्याच सिरीजला अटकलं तर हात सुधारा. नाही अटकलं आणि पुढे १५० ला अटकायला लागलं तर ब्रश आणा. फुकटातली टेस्ट आहे.

अटकल्यावर मोकळं करायच्या आधी नीट बघायची सवय लावा. पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकली असेल तर ती बाहेर पडायला जोर कमी पडतोय, म्हणजे हात, काजळी नाहीतर कमजोर काडतूस. पुंगळी चेंबरमध्येच राहून मागून नवीन काडतूस धडकलं असेल तर नखी किंवा चेंबर. नवीन काडतुसाचं नाक वरच धडकून चेपलं असेल तर मॅगझिन बघा. मॅगझिन भरताना एक लक्षात ठेवा, या काडतुसाला मागे कडा असते, वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे पाहिजे, मागे राहिली की पुढे सरकताना खालच्याला अडकते. घाईत भरणाऱ्या पोरांचं निम्मं अटकणं इथलंच असतं असं माझं मत आहे.

काडतूस बदललं का क्लबने तेही विचारा. टार्गेट पिस्तुलं स्टँडर्ड व्हेलॉसिटीवर सेट असतात, म्हणजे सेकंदाला साधारण ३२५ मीटर. डबा बदलला की स्वभाव बदलतो. हाय व्हेलॉसिटी घालून जोर वाढवायची आयडिया मात्र नको, फ्रेम ठोकून निघेल. आणि रिकामं ट्रिगर दाबून प्रॅक्टिस करत असाल तर आधी थांबा, रिमफायरमध्ये, म्हणजे पॉइंट टू-टूसारखं जिथे पिन काडतुसाच्या कडेवर आपटते, काडतूस नसलं की पिन थेट चेंबरच्या कडेवर बसू शकते, तिथे केसाएवढा फुगवटा उठतो आणि मग पुंगळी निघताना घासते. डोळ्याला दिसत नाही पण टॉर्च मारून नख फिरवलं की लागतं. त्यासाठी डमी काडतूस वापरा.

मॅचमध्ये अटकलं तर नळी टार्गेटकडेच, दुसरा हात वर, रेंज ऑफिसर येईपर्यंत स्लाइडला हात नाही लावायचा, स्वतः उघडलं की सिरीज परत मिळायचा हक्क जातो. फुसका आवाज आला तर लगेच दुसरी गोळी मुळीच नका मारू, पहिली नळीतच अडकलेली असू शकते. आणि मन खट्टू नका करू, २०२१ ला टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल ऐन क्वालिफिकेशनमध्ये बिघडलं, फायनल हुकली, आणि २०२४ ला पॅरिसहून तीच पोरगी दोन ब्राँझ घेऊन आली.

प्रश्न: राम राम भाऊ, भुसावळहून लिही राहिलो. माझं लेथचं काम आहे. हौस म्हणून घरीच एक सेमी-ऑटोमॅटिक रायफल बनवली, एक गोळी सुटते पण दुसरी आपोआप चढत नाही, दर वेळी हाताने ओढावं लागतं. नाव छापू नका. काय चुकलं असेल?

उत्तर: भो, नाव छापत नाही, पण उत्तरही देत नाही. दुसरी गोळी का चढत नाही हा तुमचा प्रॉब्लेमच नाहीये, पहिली सुटते हाच मोठा प्रॉब्लेम आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये विनापरवाना बंदूक बनवणं, त्यात बदल करणं, रिपेअर करणं, टेस्ट करणं सगळंच येतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बनवण्याला कमीत कमी ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. हौस होती हे कोर्टात कामाला येत नाही. सातपुड्याकडून येणाऱ्या गावठी कट्ट्यांमुळे आपल्या जिल्ह्यातले पोलीस तसेही या बाबतीत कान टवकारून असतात.

कायदा बाजूला ठेवला तरी बघा, पॉइंट टू-टूसारख्या लहानशा काडतुसात २४,००० पीएसआयपर्यंत दाब जातो, ट्रकच्या टायरात शे-सव्वाशे असतो. मोठ्या रायफलीत त्याच्या दुप्पट नि वर. चेंबर पूर्ण बंद व्हायच्या आधी पिन लागली तर पुंगळी फाटून तो गॅस तुमच्या डोळ्यांसमोर सुटतो. कुठलं स्टील होतं, हीट ट्रीटमेंट केली होती का, हे मी विचारतही नाही. ती पुन्हा चालवू नका, मित्राकडे ठेवायला देऊ नका, विहिरीत तर मुळीच टाकू नका. आधी चांगला फौजदारी वकील गाठा आणि त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात जा. हातात कला आहे हे दिसतंच आहे, बंदूक दुरुस्तीचा रीतसर परवाना असतो, वेळ लागेल पण ती वाट उघडी आहे.

प्रश्न: रावेरला केळीची बाग आहे. माझी नळी मोडून भरायची एअर रायफल आहे, छर्रा पूर्वीसारखा जोरात जात नाही. काका म्हणतात मागच्या भोकात खोबरेल तेल सोड. आणि याने रोही (नीलगायी) पळवता येतील का?

उत्तर: काकांना नमस्कार सांगा आणि तेलाची बाटली लपवून ठेवा. त्या भोकात तेल गेलं की पिस्टनने हवा दाबताच ते पेटतं, एकदोन छर्रे धडाडून जातात, सगळे खूश होतात, आणि आतला सील जळतो. खोबरेल तर थंडीत गोठतं पण. जोर कमी झाला की आधी नळीच्या सांध्यातलं रबरी वायसर बघा, कडक किंवा चिरलेलं असतं बहुतेक. तिथे टिश्यू पेपरचा तुकडा धरून मारला की हवा गळते का ते लगेच कळतं. मग स्क्रू, मग सील, स्प्रिंग शेवटी. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, टीनच्या शेडमध्ये भरलेली ठेवून देऊ नका, स्प्रिंग बसते.

रोह्यांवर मात्र नाही म्हणजे नाही. तो १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतो आणि छर्र्याने मरत तर नाही, जखमी होऊन आठवडाभर सडतो. नुकसानभरपाईसाठी वनविभागाकडे अर्ज करा, आणि बागेचे फोटो नुकसान दिसल्या दिवशीच काढून ठेवा, नंतर पंचनाम्याला तेच कामाला येतात.